लेक टाहोला सहकुटुंब कयाकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, म्हणजे बे एरियातल्या मराठी घरांत दोन गोष्टी एकदमच ठरतात: आई-बाबांची भारतातून यायची तिकिटं आणि उन्हाळ्यातली टाहोची सहल. मग मला फोन यायला लागतात. गेली बारा वर्षं आम्ही दर उन्हाळ्यात टाहोला कयाकिंगला, म्हणजे अरुंद छोटी होडी वल्हवायला, जातो आणि दर वेळी एक-दोन नवी कुटुंबं सोबत असतात. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मी देत आलेली उत्तरं इथे लिहिली आहेत. घाईत असाल तर गार पाण्याचं आणि वाऱ्याचं उत्तर तेवढं आधी वाचा. बाकीचं गाडीत बसल्यावर वाचलंत तरी चालेल.

टाहो नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे?

कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवर, सिएरा नेवाडाच्या डोंगरांत. साधारण दोन तृतीयांश तळं कॅलिफोर्नियात, उरलेलं नेवाडात. लांबी २२ मैल, रुंदी १२ मैल, काठाकाठाने फिरलं तर ७२ मैल. खोली १,६४५ फूट. अमेरिकेत याच्याहून खोल फक्त ऑरेगॉनमधलं क्रेटर लेक.

आमच्या बाबांना आकडे सांगून काही वाटलं नाही. मग मी म्हटलं, या तळ्याचं पाणी समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून आणखी अडीचशे मीटर वर बघायचं, तिथे हे पाणी. बाबा बराच वेळ गप्प बसून बघत राहिले.

नावाचा अर्थ काय?

इथल्या मूळच्या वाशो लोकांच्या भाषेत तळ्याला जो शब्द आहे, त्यावरून ‘टाहो’ आलं. म्हणजे लेक टाहो म्हणताना आपण ‘तळं’ दोनदा म्हणतो. मराठीतल्या टाहो फोडण्याशी त्याचा काही संबंध नाही. हे सांगून ठेवते, कारण घरातली मोठी माणसं हे हमखास विचारतात.

हे लोणारसारखं विवर आहे का?

नाही. लोणार उल्केच्या आघाताने झालं. इथे जमिनीचा मोठा भाग भेगांच्या मध्ये खाली खचला, दोन्ही बाजूंचे डोंगर वर उचलले गेले आणि उत्तरेकडची वाट लाव्हाने अडवली. त्या खळग्यात पाणी साठलं. एमराल्ड बे ही खाडीसारखी जागा मात्र हिमनदीने कोरलेली आहे. तळ्याला ६३ ओढे-नद्या येऊन मिळतात आणि बाहेर पडते ती एकच, ट्रकी नदी.

कोणत्या महिन्यात जावं?

मुलं लहान असतील किंवा आई-बाबा सोबत असतील तर जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य. शाळा जूनच्या सुरुवातीला संपते, म्हणून सगळे जूनच्या पहिल्या आठवड्यातच निघायला बघतात. हवा छान असते, ऊन लख्ख असतं, पण डोंगरांवर बर्फ असतो आणि तेच वितळून तळ्यात येत असतं. जूनमध्ये काठावर बसायला, चालायला जरूर जा. कयाकमध्ये नवशिक्यांना बसवायला थोडं थांबा.

चार जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा आठवडा टाळा. पार्किंगच्या नावाने अर्धा दिवस जातो. जमलं तर रविवारी दुपारी जाऊन बुधवारी परत या. आठवड्याच्या मधले दिवस म्हणजे वेगळंच टाहो असतं. सप्टेंबर, लेबर डेनंतरचा (पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतरचा), सगळ्यात सुंदर: गर्दी ओसरलेली, पाण्यात उन्हाळ्याची ऊब उरलेली. शाळेत जाणारं कोणी नसेल तर तेव्हाच जा.

ऑगस्ट-सप्टेंबरात वणव्याच्या धुराचा विचार करावा लागतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅल्डर वणव्यामुळे अख्खं साउथ लेक टाहो गाव रिकामं करावं लागलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी ‘एअरनाऊ’ या साइटवर हवेचा दर्जा बघा. आई-बाबांना दमा असेल तर धुराच्या दिवशी सहल रद्द करायला मागेपुढे बघू नका. बुकिंग करतानाच पैसे परत मिळतात का ते विचारून ठेवा.

पाणी गार म्हणजे किती गार? आम्ही सगळे पोहणारे आहोत.

पोहणाऱ्यांनीच हे उत्तर नीट वाचावं.

जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये वरच्या थराचं पाणी ६५ ते ७० फॅरनहाइट, म्हणजे १८ ते २१ सेल्सियस असतं. जूनच्या सुरुवातीला ते पन्नाशीत, म्हणजे १० ते १५ सेल्सियस. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पिंपातलं पाणी अंगावर घेतल्यावर जो श्वास अडकतो, तो आठवा. फरक एवढाच की बाथरूममध्ये आपण तांब्या खाली ठेवू शकतो.

असं पाणी एकदम अंगाभोवती आलं की माणूस आपोआप मोठा श्वास आत ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर श्वासाबरोबर पाणी आत जातं. मग धाप लागते, छाती धडधडते आणि एक-दोन मिनिटं काही सुचत नाही. चांगले पोहणारे याच पहिल्या मिनिटात बुडतात. त्यातून सावरलं तरी थोड्या वेळाने बोटं आणि दंड ऐकेनासे होतात, दोरी धरता येत नाही, बोटीवर चढता येत नाही. शरीराचं तापमान धोक्याइतकं उतरायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, म्हणून ‘थंडीने काय होतंय, दहा मिनिटांत बाहेर येऊ’ हा हिशेब चुकतो.

अंगात लाइफ जॅकेट असेल तर ते पहिलं मिनिट निभावतं. तोंड पाण्यावर राहतं. हातपाय मारू नका, कयाक धरून राहा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग पुढचं.

आणखी एक गोष्ट इथे नवीन आलेल्यांना माहीत नसते. नैऋत्येचा जोराचा वारा दिवसभर वाहिला की वरचं कोमट पाणी पूर्वेच्या काठाकडे ढकललं जातं आणि पश्चिमेच्या काठाला खालचं गार पाणी वर येतं. काल जिथे मुलं तासभर डुंबली, तिथे आज पाय घालवत नाही. म्हणून रोज आधी गुडघाभर पाण्यात उभं राहून बघायचं. आम्ही हे मुलांचंच काम करून टाकलं आहे: सकाळी ‘पाणी बघून या’ म्हटलं की दोघं पळतात.

कपडे घालताना हवेचा विचार करू नका, पाण्याचा करा. जीन्स आणि सुती टी-शर्ट भिजले की जड होतात आणि अंगाला गार चिकटून राहतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट उत्तम. जूनमध्ये जायचंच असेल तर वेटसूट (पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) भाड्याने घ्या.

पाण्यात किती वाजता उतरायचं?

सात, फार तर साडेसात. साडेअकरापर्यंत काठावर परत.

सकाळी टाहो काचेसारखं असतं. वल्हं उचललं की त्याच्या टोकावरून पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकू येतो, आणि खाली वीस-तीस फुटांवरचे धोंडे असे दिसतात की मुलं हात घालून उचलायला बघतात. मग ऊन चढतं, डोंगर तापतात आणि दुपारच्या सुमारास नैऋत्येकडून वारा सुटतो. तास-दीड तासात काचेच्या जागी पांढऱ्या फेसाच्या लाटा. हे बहुतेक दुपारी होतं. २२ मैल मोकळं पाणी मिळाल्यावर लाट वाढतच जाते.

आमची चूक सांगते. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. बोटी भाड्याने घ्यायला रांग होती, सगळ्यांचं आवरून निघेपर्यंत साडेबारा वाजले. दक्षिणेचा किनारा. वारा डोंगराकडून तळ्याकडे वाहत होता, त्यामुळे काठाजवळ पाणी शांत दिसत होतं. झाडांच्या आडोशाला वारा जाणवतच नव्हता. जाताना कयाक आपोआप पळत होती. आम्हाला वाटलं, बघा, किती छान जमायला लागलं. अर्ध्या मैलावर गेल्यावर वळलो आणि कळलं की आतापर्यंत वाराच आम्हाला ढकलत होता. येताना तेवढंच अंतर कापायला सव्वा तास लागला. दर लाटेला कयाकच्या पुढच्या टोकावरून पाणी मांडीवर. पोरीचे ओठ निळे पडले होते आणि ती एक शब्द बोलत नव्हती. आम्ही थांबून दम घेतला की मागे जात होतो. काठाला लागल्यावर माझी बोटं वल्ह्यावरून सुटेनात, नवऱ्याने एकेक करून सोडवली.

तेव्हापासून नियम: काठाजवळ पाणी शांत आहे म्हणून फसायचं नाही. झाडांचे शेंडे बघायचे, लांबवरच्या पाण्याचा रंग बघायचा. गडद निळा पट्टा दिसला आणि त्यावर पांढरे ठिपके असले तर उतरायचं नाही. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर येताना वारा पाठीशी असतो. आणि काठापासून लांब जायचंच नाही. पोहून नाही तरी चालत परत येता येईल इतपत जवळ राहायचं.

हवामानासाठी नेवाडातल्या रीनो शहराच्या राष्ट्रीय हवामान कार्यालयाचा अंदाज बघा. जोराचा वारा अपेक्षित असला की ते टाहोसाठी वेगळी सूचना काढतात. त्या दिवशी कयाक गाडीवरून उतरवूच नका. २१ जून २०२५ ला, शनिवारी दुपारी, अचानक वादळ येऊन पश्चिम काठावरच्या डी. एल. ब्लिस पार्कजवळ २७ फुटी मोटरबोट उलटली आणि बोटीवरच्या दहापैकी आठ जणांचा जीव गेला. इंजिन असलेल्या बोटीची ही गत झाली, मग आपल्या दहा फुटी प्लॅस्टिकच्या कयाकचं काय होईल ते सांगायला नको.

लाइफ जॅकेट घालायलाच हवं का? कायदा काय म्हणतो?

चालत्या छोट्या बोटीवर १३ वर्षांखालच्या मुलांनी ते घातलेलंच असलं पाहिजे, दोन्ही राज्यांत. मोठ्यांसाठी प्रत्येकाच्या मापाचं एकेक बोटीवर असणं सक्तीचं आहे. पॅडल बोर्डलाही (उभं राहून वल्हवायच्या सपाट फळीलाही) हे लागू आहे. एक शिट्टीही जवळ ठेवा.

हा झाला कायदा. आमच्या गटात नियम एकच आहे: जॅकेट अंगात, सगळे बंद लावलेले, आजोबांपासून नातवापर्यंत. बोटीत पायाशी ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. एकदा उथळ पाण्यात करून बघा, लगेच पटेल.

माप असं बघा: सगळे पट्टे आवळून मुलाला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत वर सरकलं तर ते मोठं आहे. ‘पुढच्या वर्षी पण होईल’ म्हणून एक माप मोठं घेऊ नका. स्वेटर तसा घ्यावा, हे नाही.

मला पोहता येत नाही. मी येऊ शकते का?

हो. जॅकेट, शांत सकाळ, दोघांची कयाक, आणि सोबत ज्याला वल्हवता येतं असा माणूस. कंबरभर पाण्याच्या आसपासच राहा. पहिल्या दिवशी काठाजवळ मुद्दाम बोट उलटवून एकदा पाण्यात पडून बघा. भीतीचा अर्धा भाग तिथेच संपतो, कारण जॅकेट तुम्हाला वर धरतं हे तुमच्या अंगाला कळतं.

आई-बाबा पंचाहत्तरीचे आहेत. त्यांना कयाकमध्ये बसवावं का?

त्यांना स्वतःला बसायचं असेल तर बसवा. फोटोसाठी बसवू नका.

पहिला दिवस काहीच करू नका. सहा हजार फुटांवर काहींना डोकं दुखतं, झोप नीट लागत नाही, चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते. भरपूर पाणी प्यायला द्या, जेवण हलकं ठेवा, दुपारी काठावर सावलीत खुर्ची. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. अचानक गार पाण्यात पडणं हृदयाला चांगलं नाही, म्हणून अशा माणसांना मी कयाकमध्ये बसवत नाही. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीपासूनचे आजार किती धरले आहेत तेही वाचून ठेवा. इमर्जन्सीसाठी उत्तरेला ट्रकी गावात आणि दक्षिणेला साउथ लेक टाहो इथे रुग्णालयं आहेत.

बसण्याची पद्धत गुडघ्यांना झेपणारी हवी. उघडी, वर बसायची कयाक घ्या. आत पाय घालायची नको. गुडघ्याच्या जरा खालपर्यंत पाण्यात कयाक आडवी धरा, दोघांनी दोन टोकं. बाजेवर बसतो तसं आधी बूड टेकवायचं, मग वळून पाय आत घ्यायचे. उतरताना उलट: दोन्ही पाय बाहेर, पाण्यात टेकले की मग उठायचं. घाईने उभं राहिलं की बोट सरकते आणि माणूस मागे पडतो.

साडी नको, ओढणी नको; पट्ट्यांत अडकते. पंजाबी ड्रेसचा पायजमा आणि वर पोहण्याचा शर्ट चालतो. मंगळसूत्र जॅकेटच्या आत. पायात मागे पट्टा असलेल्या चपला, कारण तळाशी गोटे शेवाळलेले असतात. माझी आई पहिल्यांदा बसली तेव्हा पाच मिनिटं दोन्ही हातांनी कड घट्ट धरून होती. मग तिने एक हात सोडून पाण्यात बुडवला. नंतर म्हणाली, “मला पण दे ते वल्हं.”

ज्यांना हे नकोच आहे त्यांच्यासाठी नेवाडाच्या बाजूच्या झेफिर कोव्हहून मोठ्या पर्यटक बोटी सुटतात. आत बसून चहा पीत तळं बघता येतं.

कोणती बोट घ्यावी?

नवशिक्या कुटुंबाला दोघांची, उघडी, वर बसायची कयाक. उलटली तरी तिच्यात पाणी भरत नाही, सरळ करून परत चढता येतं. एक मोठा, एक लहान अशी जोडी. मोठ्याने मागे बसायचं. दोन मुलांना एका कयाकमध्ये एकटं पाठवू नका, कितीही हट्ट केला तरी.

पॅडल बोर्ड मजेचा आहे, पण वारा आला की उभा माणूस म्हणजे शीडच. गुडघ्यांवर बसा. पाय आणि बोर्ड जोडणारी दोरी बांधलेली हवी.

मोठ्या दुकानात मिळणारे हवा भरायचे हंस, फ्लेमिंगो आणि स्वस्त रबरी होड्या आणू नका. वारा त्या उचलून नेतो आणि त्या धरायला गेलेला माणूस लांब जातो.

कुठून उतरायचं?

लहान मुलांबरोबर पहिल्यांदा जात असाल तर उत्तरेचं किंग्ज बीच. वाळू, हळूहळू खोल होत जाणारं पाणी, शेजारी खायची दुकानं.

सँड हार्बर नेवाडाच्या बाजूला. टाहोचा जो फोटो सगळ्यांच्या फोनवर असतो, निळंहिरवं पाणी आणि त्यात हत्तींसारखे ग्रॅनाइटचे गोल धोंडे, तो इथला. इथून दक्षिणेला थंडरबर्ड लॉज या जुन्या दगडी वाड्याच्या दिशेने काठाकाठाने जाणं हे माझ्या मते टाहोतलं सगळ्यात सुंदर वल्हवणं आहे. पार्किंग फार लवकर भरतं, आणि गाडी रस्त्यावर लावून चालत आत जायला परवानगी नाही. आता मोसमात सकाळच्या वेळेसाठी आधी आरक्षण करावं लागतं. निघण्याआधी नेवाडा स्टेट पार्क्सच्या साइटवर चालू नियम बघा. दुपारचा वारा इथे थेट काठावर येतो, त्यामुळे लाटा धोंड्यांवर आपटतात. तेव्हा तिथे नको.

पश्चिमेला शुगर पाइन पॉइंटचा काठ निवांत आहे. गर्दी सहन होत नसेल तर तो.

टाहो फारच मोठं वाटत असेल तर ट्रकीजवळचं डॉनर लेक बघा. लांबी तीन मैलांच्या आसपास, उत्तरेच्या काठावर सगळ्यांसाठी खुले असे छोटे धक्के आहेत. दुपारी तिथेही वारा असतो.

एमराल्ड बेमध्ये कयाक नेता येते का?

येते, पण वाटतं तितकी सोपी नाही. वरच्या पार्किंगमधून खाली काठापर्यंत सुमारे मैलभराची उभी उतरण आहे. खांद्यावर कयाक घेऊन ती उतरायचा विचार करू नका, चढायचा तर नकोच. उन्हाळ्यात खाली काठावर बोटी भाड्याने मिळतात, ते सगळ्यात सोयीचं. ज्यांचे हात सरावलेले आहेत ते बाल्डविन बीचवरून निघून काठाने येतात. मुखापर्यंतच दोन-अडीच मैल, आणि तेवढंच परत. पहाटेच निघायला हवं.

आत फॅनेट आयलंड आहे, अख्ख्या टाहोतलं एकमेव बेट. त्याच्या माथ्यावर दगडी चहाघराच्या भिंती उभ्या आहेत. समोरच्या काठावर १९२९ मध्ये बांधलेला, नॉर्वे-स्वीडनच्या धाटणीचा व्हायकिंग्सहोम वाडा आहे. तो बांधणाऱ्या लोरा नाइट पाहुण्यांना बोटीने या बेटावर चहाला नेत. १ फेब्रुवारी ते १५ जून बेटावर उतरायला बंदी असते, कारण तिथे कॅनडा गूज हे बदक-हंसाच्या जातीचे पक्षी अंडी घालतात. नंतरही पक्ष्यांपासून लांबच राहा.

आईला तळ्याची ओटी भरायची आहे. फुलं, नारळ, नाणी सोडली तर चालेल का?

पाण्यात काहीही सोडू नका. हा प्रश्न मनापासून येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

डेव्हिसच्या विद्यापीठातले शास्त्रज्ञ १९६८ पासून ताटाएवढी पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलपर्यंत दिसते ते मोजतात. त्या वर्षी सरासरी शंभर फुटांच्या वर होती. हल्ली साठ-सत्तर फुटांच्या आसपास. रस्त्यांवरची बारीक माती आणि पाण्यात जाणारी पोषक द्रव्यं हे त्याचं मोठं कारण. त्यावर शेवाळ वाढतं. हळद-कुंकू, फुलं, तांदूळ यांनी त्यातच भर पडते. काठावरची गावं हेच पाणी पितात.

आमच्या आईने मार्ग काढला. ताटात खण-नारळ ठेवून काठावर तळ्याला ओवाळलं, हळदीकुंकवाचं बोट हवेतच लावलं, नमस्कार केला, आणि नारळ घरी आणून त्याच्या वड्या केल्या. बदकांनाही शेव-पोळी घालू नका.

खाण्याचं काय? कुकर न्यावा का?

जरूर न्या. या उंचीवर पाणी ९४ सेल्सियसच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही आणि भात कणीदार राहतो. कुकरलाही दोन शिट्ट्या जास्त लागतात. चिवड्याची बंद पाकिटं वर गेल्यावर फुग्यासारखी टम्म होतात, घाबरू नका.

सकाळी सातला पाण्यात उतरायचं तर सहाला पोहे करत बसू नका. आदल्या रात्रीच दशम्या, धपाटे, लसणाची चटणी डब्यात भरून ठेवा. वल्हवून आल्यावर भूक प्रचंड लागते, पुलाव तेव्हा. काचेच्या बरण्या काठावर नेऊ नका. निखाऱ्यावर वांगं भाजायची हौस असेल तर आधी त्या दिवशीचे आगीचे नियम बघा; उन्हाळ्यात बऱ्याचदा कोळशाला आणि लाकडाला बंदी असते आणि ती काटेकोर पाळायची असते.

अस्वलं खरंच येतात?

येतात. काळी अस्वलं, गावातसुद्धा. त्यांचं नाक फार तीक्ष्ण. गाडीत खाऊचा कण ठेवू नका. लाडवांचा डबा, लोणच्याची बरणी, मुलाच्या सीटखाली पडलेली बिस्किटं, टूथपेस्टसुद्धा. अस्वलाला गाडीचं दार उघडता येतं, आणि आत शिरल्यावर दार मागे लागलं तर बाहेर पडायला ते आतून गाडी फाडतं. कॅम्पग्राउंडवर लोखंडी पेट्या असतात, त्या वापरा आणि कडी नीट लावा. अस्वल एकदा माणसांच्या अन्नाला सोकावलं की शेवटी जीव त्याचाच जातो.

राहायची सोय किती आधी करायची?

कॅलिफोर्निया स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडची नोंदणी सहा महिने आधी उघडते आणि चांगल्या जागा काही मिनिटांत जातात. जुलैचं हवं असेल तर जानेवारीत सकाळी लॅपटॉप उघडून बसा. आई-बाबा सोबत असतील तर केबिन घ्या. रात्री उन्हाळ्यातही चांगलीच थंडी पडते आणि तंबूतून रात्री बाथरूमला जाणं त्यांना जड जातं.

रस्ता कसा आहे?

सॅन फ्रान्सिस्कोहून साधारण २०० मैल. उत्तरेला जायचं तर हायवे ८०, दक्षिणेला ५०. शुक्रवारी संध्याकाळी निघणं आणि रविवारी दुपारी परतणं, हे दोन्ही टाळा. वळणांवर मुलांना मळमळतं. आवळा सुपारी जवळ ठेवा.

फोनला रेंज असते का?

सगळीकडे नाही, पश्चिमेच्या काठावर तर कमीच. कुठून निघतोय आणि कधी परत येणार ते काठावर राहणाऱ्याला सांगून जा.

वल्हवून झाल्यावर दुपारी मुलांचं काय करायचं?

टाहो सिटीत ट्रकी नदी तळ्यातून बाहेर पडते. तिथून रबरी तराफ्यांतून सुमारे पाच मैल संथ वाहत जाता येतं. पाणी धरणाच्या दारांतून किती सोडलंय यावर सगळं अवलंबून, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा. नाहीतर मुलांना झोपवा. पहाटे उठलेली असतात, आणि इथलं ऊन फसवं आहे: हवा गार लागते पण उंचीमुळे त्वचा लवकर भाजते. कानांची पाळी, पायांचे पंजे, मांड्या इथे सनस्क्रीन लावायचं राहतं आणि रात्री तिथेच आग होते.

आमची स्वतःची कयाक आहे. तपासणी करावी लागते का?

इंजिनाच्या बोटींना तपासणी सक्तीची आहे. हातांनी वल्हवायच्या बोटींसाठी नियम असा: स्वच्छ, निथळलेली आणि कोरडी असलीच पाहिजे. शंका असेल तर तपासणी केंद्रावर दाखवा, ते मदत करतात.

बे एरियातल्या लोकांनी हे जास्तच मनावर घ्यायला हवं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बे एरियालगतच्या सॅक्रामेंटो-सॅन वॉकिन नद्यांच्या डेल्टात गोल्डन मसल नावाचे परके शिंपले सापडले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, कयाकच्या तळाशी राहिलेल्या कपभर पाण्यातूनही प्रवास करतात, आणि एकदा तळ्यात गेले की काढता येत नाहीत. टाहोत २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या चिखलातल्या बारीक गोगलगाई सापडल्याच आहेत. मागच्या शनिवारी डेल्टात नेलेली कयाक या शनिवारी तशीच टाहोत घालू नका.

आम्ही असं करतो. घरी आल्यावर कयाक ड्राइव्हवेवर उलटी, बुचं काढून. नळीने आतबाहेर धुवायची, सीटखालची वाळू आणि पानं बोटांनी काढायची. ती नाल्यात नाही, कचऱ्यात. वल्ह्याचे सांधे उघडून आतलं पाणी झटकायचं. जॅकेट, पाण्यातले बूट, दोऱ्या, सगळं दोरीवर उन्हात. बुटांच्या तळव्यातल्या खाचा जुन्या टूथब्रशने घासायच्या, ते काम धाकट्याचं. सीटखालचा फोम आठवडाभर ओला राहतो, म्हणून दाबून बघायचा; हाताला ओल लागली तर आणखी दोन दिवस उन्हात.